मारुतीचं १.२ के-सिरीज चार सिलेंडर पेट्रोल इंजिन: आकडे समजून घ्या, बिघाड घरीच ओळखा

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, बलेनो, इग्निस, २०१९ नंतरची १.२ वाली वॅगनआर, या सगळ्यांच्या बोनेटखाली एकाच घराण्यातलं इंजिन आहे, १.२ लिटरचं चार सिलेंडर के-सिरीज. आपल्याकडे ते २००९ ला रिट्झमधून आलं, २०१० ला स्विफ्टमधलं जुनं १.३ जाऊन तिथे हेच बसलं आणि मग मे २०२४ च्या नव्या स्विफ्टपासून कंपनीने तीन सिलेंडर वालं द्यायला सुरुवात केली. म्हणजे सेकंडहँड बाजारात पुढची बरीच वर्षं हे चार सिलेंडर वालं इंजिन फिरत राहणार, आणि माझं मत विचाराल तर ते सांभाळण्यासारखंच इंजिन आहे. फक्त एक गोष्ट मला फार खटकते, गाडी जरा मिसिंग (एखादा सिलेंडर मधेच काम चुकवतो ते) करायला लागली की गॅरेजमध्ये प्लग बदला, मग कॉइल (प्लगला स्पार्कसाठी करंट देणारा भाग) बदला, मग इंजेक्टर साफ करा, मग सेन्सर बदला असं एकामागून एक अंदाजाने चालू होतं आणि बिल मालकाच्या माथी. आधी नक्की काय बिघडलंय ते शोधायचं आणि मगच पार्ट आणायचा, एवढ्याचसाठी हे सगळं लिहितोय.

आधी आकडे

कपॅसिटी ११९७ सीसी. सिलेंडरचा व्यास म्हणजे बोअर ७३ मिमी आणि पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक ७१.५ मिमी. कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा, एका सिलेंडरचे साधारण २९९ सीसी येतात, गुणिले चार, ११९७. बोअर स्ट्रोकपेक्षा जरासा मोठा आहे म्हणून हे इंजिन वर फिरायला आवडणारं आहे, पॉवर साधारण ८३ ते ९० पीएसच्या मधे, व्हर्जनप्रमाणे, आणि ती मिळते ६००० आरपीएमला. टॉर्क ११३ ते ११५ न्यूटन मीटर, तो ४००० किंवा त्याच्या वर. म्हणून घाटात चौथ्या गिअरवर १५०० आरपीएमला रेटत बसलात तर ते धापा टाकणारच, तो बिघाड नाही, गिअर खाली घ्या. कसारा किंवा खंबाटकी चढताना "पिकअप गेला" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची गाडी ठणठणीत असते, गिअर चुकीचा असतो.

ब्लॉक (सिलेंडर असलेला खालचा भाग) आणि हेड (त्यावरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, वजनाला हलकं पण ओव्हरहीट बिलकुल सहन न होणारं. वर दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, आणि टायमिंगला रबरी बेल्ट नाही तर चेन आहे. २०११ च्या स्विफ्टपासून व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेप्रमाणे बदलणारी यंत्रणा, पण आलं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि एक नंबरचा सिलेंडर बेल्ट-पुलीच्या बाजूला, चार नंबरचा गिअरबॉक्सच्या बाजूला, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १ आणि ४ चे पिस्टन एकदम वर जातात, २ आणि ३ चे एकदम, आणि क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलेंडर फायर होतो. आयडलिंगला ७०० आरपीएम धरले तर सेकंदाला जवळपास २३ स्फोट, त्यातला प्रत्येक चौथा गायब झाला की अख्खी गाडी थरथरते, मिसिंग म्हणतात ते हेच.

इंजिन ऑइल तीन लिटरच्या आसपास लागतं, ग्रेड मात्र वर्षाप्रमाणे बदललाय, जुन्यांना ५डब्ल्यू-३० आणि नंतरच्यांना त्याहून पातळ, त्यामुळे दुकानदाराचं ऐकू नका, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे छापलंय तेच टाका. जाड ऑइल टाकलं की इंजिन "स्मूथ" होतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण या इंजिनातले ऑइलचे रस्ते आणि व्हीव्हीटीचा व्हॉल्व्ह पातळ ऑइल धरूनच बनवलेत.

हाताशी काय लागतं

१० मिमीचा सॉकेट, लांब एक्सटेंशन, प्लगचा पाना, साधा मल्टिमीटर, टॉर्च आणि मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी अ‍ॅडॉप्टर. तो स्वस्तातला चालतो, ड्रायव्हरच्या पायाशी डॅशबोर्डखाली सॉकेट असतो त्यात लावायचा. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या काही गाड्यांत साधा अ‍ॅडॉप्टर सगळं वाचत नाही, तिथे स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जावं लागतं. पण कोड कागदावर लिहून मागा, "स्कॅन केलं, सेन्सर गेलाय" एवढ्यावर पैसे देऊ नका.

मिसिंग आणि धक्के

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, आयडलिंगला गाडी हलते, दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की झटके. दिवा नुसता लागून राहिला असेल तर हळू गाडी घरी आणता येते, पण तो लुकलुकत असेल तर थांबा, कारण मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतंय आणि तो पार्ट बाकी सगळ्यांपेक्षा महाग आहे.

अ‍ॅडॉप्टर लावा, कोड वाचा. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलेंडर मिसफायर, पी०३०२ दोन नंबर, असं ०३०४ पर्यंत, आणि पी०३०० म्हणजे कुठला ते नक्की नाही, सगळीकडे थोडं थोडं. समजा पी०३०१ आलाय. लगेच कॉइल विकत आणायची नाही. या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आहे, त्याचा फायदा घ्यायचा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, इग्निशन बंद, किल्ली बाहेर. कॉइलचा प्लॅस्टिक कनेक्टर लॉक दाबून हळूच काढा, जुन्या गाडीत हे प्लॅस्टिक कडक होऊन कटकन तुटतं म्हणून वायर धरून ओढायचं नाही, लॉकच दाबायचा. मग १० मिमीचा बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवीकडे फिरवा आणि सरळ वर ओढा. एक नंबरची कॉइल दोन नंबरला लावा, दोनची एकला. कोड क्लिअर करा, आठ-दहा किलोमीटर चालवून या आणि परत वाचा. आता पी०३०२ आला तर बिघाड कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइलच खराब, एकच आणा, चार आणायची गरज नाही. पी०३०१ तसाच राहिला तर कॉइल चांगली आहे, आता असंच प्लगचं करा. प्लग बदलूनही कोड तिथेच तर मग इंजेक्टर किंवा त्याची वायर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर हवा किती दाबतो ते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एकट्या आकड्यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का ते महत्त्वाचं, तीन सारखे आणि एक पंधरा-वीस टक्के खाली असेल तर त्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह नाहीतर रिंग.

इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल काढून "कुठली काढल्यावर फरक पडत नाही" बघायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते, ती करू नका आणि कोणाला करू देऊ नका, शॉक जोरात बसतो आणि कच्चं पेट्रोल थेट सायलेन्सरमध्ये जातं.

कॉइल काढलीच आहे तर टॉर्च मारून विहिरीत बघा, म्हणजे प्लग बसतो त्या खोल नळीत. तिथे ऑइल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळीचे सील गेलेत, ऑइलने कॉइलचं रबर फुगतं आणि करंट बाजूने पळतो. असं असताना नुसती नवी कॉइल टाकली तर काही महिन्यांत ती पण जाणार. रबराच्या आतून बारीक पांढरी किंवा काळी रेघ दिसली, केसासारखी, तर स्पार्क तिथूनच गळतोय. पाणी साचलेलं असेल तर वरून प्रेशर वॉशिंग केलंय, बोनेट उघडून पंपाने धुवून घ्यायचा हट्ट सोडा.

प्लग काढायच्या आधी हवा मारून विहिरीतली धूळ उडवा, नाहीतर ती थेट सिलेंडरमध्ये. बसवताना पहिले तीन-चार आटे नुसत्या हाताने, पाना न लावता, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि आटे गेले तर काम भलतंच वाढतं. साधे निकेलचे प्लग ४०,००० किमीच्या आसपास बदलून टाकावेत, तेव्हा गाडी मिसिंग करत नसली तरी, कारण गॅप वाढला की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि प्लगच्या आळसापायी कॉइल मरते.

आयडलिंग वर-खाली, एसी लावला की गाडी बंद

कोड काही नाही, मिसिंग नाही, पण सिग्नलला उभं असताना काटा ६०० ते ९०० खाली-वर करतो किंवा एसी चालू केला की दम कोंडतो. बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत काजळी असते. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढला की पितळी नाहीतर चंदेरी झडप दिसते, तिच्या कडेला काळा चिकट थर असेल तर थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून पुसून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने जोरात ढकलायची नाही, आत छोटी मोटर आणि गिअर आहेत. साफ केल्यावर एक-दोन दिवस आयडलिंग थोडं चढं राहू शकतं, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जुन्या काजळीचा हिशोब धरून बसलेला असतो, बहुतेक वेळा आपोआप खाली येतं, नाही आलं तर स्कॅनरवरून थ्रॉटल लर्निंग करून घ्यावं. काजळी नसेल तर पाइप कुठे चिरलाय का, व्हॅक्यूमची बारीक नळी निघालीये का ते बघा, सुस्कारा टाकल्यासारखा सूं आवाज येतो. पी०१७१ कोड असेल तर हवा जास्त पेट्रोल कमी, बहुधा हीच गळती.

थरथर आहे पण आरपीएमचा काटा अगदी स्थिर आहे? मग इंजिन बरोबर आहे, माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारं रबर, गेलंय. सायलेन्सरच्या तोंडाजवळ कागदाची पट्टी धरा, एकसारखी फडफडत असेल तर चारही सिलेंडर काम करतायत, मधेच चुकली किंवा आत ओढली गेली तर मिसिंग. रबरी माउंटिंगला चिर पडलीये का ते टॉर्चने दिसतं, आणि कोणाला तरी उभ्या गाडीत रेस द्यायला सांगून बोनेटमधून बघा, इंजिन उडी मारतंय का.

गरम होणं, इथे घाई करू नका

अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की हेड गॅस्केट, फेसिंग, सगळं खोलणं, म्हणून हा भाग नीट वाचा.

कधी गरम होते ते आधी बघा, त्यातच अर्धं उत्तर आहे. ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर रेडिएटरचा फॅन चालत नाहीये, कारण वेगात असताना समोरून हवा मिळतेच. गाडी उभी करून एसी लावा, फॅन फिरायला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग फॅनच्या मोटरला थेट बॅटरी देऊन बघायची, या क्रमाने. याउलट शहरात ठीक आणि घाटात किंवा हायवेला लांब चालल्यावर गरम, तर कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटचा रस्ता उघडणारी झडप). आणि सकाळी फार वेळ गाडी गरमच होत नाही, मायलेज पडलंय, पी०१२८ कोड आलाय, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नाही. त्यात गंज न धरू देणारी रसायनं असतात, आणि रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते म्हणून ते १०० डिग्रीला उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की बाकी सगळं चांगलं असूनही गाडी उकळते, किरकोळ किमतीचा पार्ट आहे, आधी तो तपासा. मराठवाड्यात, विदर्भात बोअरचं जड पाणी लोक सर्रास टाकतात आणि दोन वर्षांत रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर टाका, किंवा तयार मिश्रण मिळतं ते.

रस्त्यात काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, खिडक्या उघडा, बाजूला घ्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तो काढतो. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद. कॅपला हात लावायचा नाही, अर्धा तास तरी नाही, दाबाखालचं पाणी तोंडावर उडतं. गरम इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही.

कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही? गार इंजिनला कॅप उघडून स्टार्ट करा, सतत बुडबुडे येत राहिले तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केट. ऑइलची कॅप उघडल्यावर दुधाळ फेस दिसला तर तेच, पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत फक्त कॅपला थोडा फेस येतो तो दमटपणाचा, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका.

चेनचा आवाज, ऑइल, धूर

चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायलाच नको असं समजू नका. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सकाळी स्टार्ट केल्यावर सेकंदभर खळखळ येऊन थांबली तर ठीक, पण रोज वाढत चालली किंवा पी००१६ कोड आला तर चेन ढिली आहे. याचं मूळ बहुतेक वेळा उशिरा बदललेलं ऑइल. १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते, आणि गाडी फक्त शहरात चालत असेल तर मी त्याहून आधीच बदलतो. डिपस्टिक महिन्यातून एकदा, गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी.

धुराचं थोडक्यात सांगतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, फक्त स्टार्टिंगला येत असेल तर व्हॉल्व्हचे सील, रेस दिल्यावर येत असेल तर रिंग. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीत सकाळी पांढरी वाफ सगळ्यांनाच येते, गरम झाल्यावरही येत राहिली आणि गोडसर वास असेल तर कूलंट.

या इंजिनात व्हॉल्व्हचा गॅप आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर नाहीत, टॅपेट थेट कॅमखाली बसतात. पेट्रोलवर सहसा बराच काळ काही करावं लागत नाही, पण बाहेरून सीएनजी बसवला असेल तर व्हॉल्व्हची सीट झिजून गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि गरम असताना मिसिंग सुरू होतं. सीएनजीवाल्यांनी कधीतरी हा गॅप मोजून घ्यावा, गॅरेजवाला स्वतःहून सांगत नाही.

पाऊस, उंदीर, ई२०

पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, हात जोडून सांगतो. एका सिलेंडरचे २९९ सीसी, कॉम्प्रेशन रेशो ११ धरला तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा फक्त ३० सीसी. तेवढ्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही, पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून आणा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर चारही प्लग काढून, कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवून मगच क्रँक करायचं म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून उडून जातं. ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका.

पावसाळ्यात उबेला उंदीर बोनेटमध्ये येतात आणि वायरिंग कुरतडतात. एकदम तीन-चार वेगवेगळे कोड आले, कालपर्यंत काही नव्हतं, तर सेन्सर बदलायच्या आधी टॉर्च घेऊन हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघा.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल रोज विचारलं जातं. इथेनॉलमध्ये लिटरला पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं पडणार, तो इंजिनचा बिघाड नाही. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील वर्षातून एकदा बघा, चिकट किंवा फुगलेले वाटले तर बदला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

सेकंडहँड घेताना

मालकाला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत या, कारण चेनची खळखळ आणि निळा धूर गार स्टार्टलाच कळतो. अ‍ॅडॉप्टर लावा आणि कोड नसले तरी रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी) बघा, बहुतेक "अपूर्ण" दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत, नाहीतर बॅटरी काढलीये. मल्टिमीटरने बॅटरी, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५. एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा, फॅन चालू-बंद होतोय ना, काटा मधेच थांबतोय ना. मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ४००० पर्यंत न्या, परत आल्यावर खाली वाकून बघा काही गळतंय का, आणि एक नंबरची कॉइल काढून विहीर कोरडी आहे का बघू द्या म्हणा, जो मालक एवढं बघू देत नाही त्याची गाडी घेऊ नका.